टोकदार छर्रा

प्रिय माऊली,

सोमवारी तू शिरूरच्या पोलीस ठाण्यात येऊन गेणबामामाविरुद्ध जबाब देणार, असं तुझ्या मोनिकाने सांगितलं. त्याआधी हे वाच. फोनवर तू मला पुरतं बोलू देत नाहीस, आणि हे अर्धं सांगण्यासारखं नाही.

इतकी वर्षं आपल्याकडं राबणाऱ्या गेणबामामाचं मनगट अजून प्लास्टरात आहे. तू काठीनं बडवलंस तेव्हा त्या म्हाताऱ्यानं हात आडवासुद्धा धरला नाही. "मारा माऊली, झाकण काढून मशीन मीच चालवलं, माझीच चूक हाय," एवढंच म्हणत होता. हाड मोडल्याचा आवाज मला गोठ्यापर्यंत ऐकू आला. मी पुढं यायला हवं होतं, आले नाही. त्यानंतर त्यानं कडबा कापायच्या त्या मशीनची, कडबाकुट्टीची, पाती खोलून विहिरीत टाकली. त्याची बायको गिताबाई सांगते, घरात भाकरी कापायला सुरी घेतली तरी तो उठून बाहेर जातो.

तुला आपल्या कोंबड्यांच्या शेडमधल्या घुशी आठवतात ना? सकाळी पडदा वर केला की पंधरा-वीस पिल्लं पडलेली, मुंडकी कुरतडलेली, काही अजून पाय हलवत. विष ठेवावं तर कोंबड्याच टिपतील. म्हणून तूच पुण्याहून छऱ्याची बंदूक आणलीस, आणि छऱ्यांचे तीन डबे, चपट्या, गोल आणि टोकदार तोंडाचे. सुट्टीच्या त्या रविवारी आपण धुण्याच्या साबणाच्या वड्या ओळीनं उभ्या केल्या. चपटा छर्रा अर्धं बोट आत शिरला, गोल एक बोट, टोकदार मात्र वडी फोडून मागं लावलेल्या ओल्या पेपरांत जाऊन बसला. मी म्हटलं, बास, मला हाच. तू म्हणालास, थांब आक्का, नेम बघू. वीस पावलांवरून गोल छऱ्याची पाचही भोकं माझ्या बांगडीत बसली. टोकदारची ताटभर पांगली. तू माझ्या वहीत लाल पेनानं लिहिलंस, दहा पावलांच्या पुढं टोकदार नको. खाली रेघही मारलीस. रेल्वेच्या इंजिनावर बसणारा माणूस तू, नियम लिहून ठेवायची तुझी खोडच.

मी त्या कामात तरबेज झाले. खोटं कशाला बोलू, मला ते आवडायला लागलं. छर्रा कानामागं बसला की घूस जागीच पाय झाडते. पोटात बसला तर आतडं ओढत भिंतीकडेनं फिरते, मग खोऱ्यानं ठेचावी लागते. हे करून आले की मला जेवण गोड लागायचं. तुझे दाजी म्हणायचे, तुझ्या अंगात काय शिरलंय. मी हसण्यावारी नेलं.

आता त्या शुक्रवारचं. सकाळी एकतीस पिल्लं गेली होती, माझं डोकं फिरलेलं. तू सुट्टीवर आलेला, गेणबामामाला कडबा लावू लागत होतास. मी खाद्याच्या खोलीआड उभी होते. शेडच्या कोपऱ्यात मांजराएवढी घूस निघाली. अंतर पंचवीस पावलं तरी होतं. खिशात गोल आणि टोकदार दोन्ही छर्रे होते. गोल लागला आणि मेली नाही तर, एवढाच विचार केला आणि टोकदार भरला. वहीतली तुझी रेघ मला आठवली होती, माऊली. आठवूनही मी चाप ओढला.

घुशीला लागला नाही. वीतभर बाजूला जाऊन शेडच्या लोखंडी खांबावर टण्ण झालं. मशीनच्या आवाजात ते तुम्हाला ऐकू गेलं नसेल. पुढच्या क्षणी तू डोळा धरून खाली बसलास आणि बोटांमधून रक्त कोपरापर्यंत ओघळलं. गेणबामामा मशीन बंद करून कपाळ बडवायला लागला, पात्यातनं खडा उडाला म्हणून. सगळ्यांनी तेच धरलं, दवाखान्यातही तेच सांगितलं. माझं तोंड उघडलं होतं. मी ते मिटलं. तुला गाडीत घातल्यावर रक्तावर माती लोटताना तो छर्रा सापडला, एका अंगानं चेपलेला. तो मी कुंकवाच्या करंड्यात ठेवला. चार महिने कुंकू लावताना रोज तो बोटाला लागतोय.

डोळा गेला तसं तुला इंजिनावरून उतरवून टेबलाच्या कामावर बसवलं. मोनिका म्हणते, दौंडात हॉर्न ऐकला की तू खिडकी लावून घेतोस. तो राग तू बरोबर काढलास, फक्त माणूस चुकला. मी तो चुकू दिला, कारण तुझ्या उरलेल्या डोळ्यात मला माझ्यासाठी तसला राग बघायचा नव्हता.

छर्रा या पाकिटात आहे, वहीच्या त्याच पानात गुंडाळलाय. उद्या सकाळी मी आधी गेणबामामाच्या घरी जाणार आहे, तिथून त्याला घेऊन ठाण्यात. सोमवारी तुझ्या आधी माझा जबाब झालेला असेल. तू आलास तर येताना ती काठी आण. मीही हात आडवा धरणार नाही.

तुझा डोळा घेऊनही तुझीच,
सुलक्षणाआक्का