अंडीवालीचं हिरवं पातेलं

सगळ्यात आधी आली ती अंडीवाली. दहाला यायचं ठरलेलं, आणि ही बाई साडेनऊलाच दारात उभी. मी नुकती न्हालेली, केस टॉवेलात गुंडाळलेले, तशीच दार उघडलं. तिच्या मागोमाग डॉक्टरीणबाई, आणि शेवटी आपल्या पोरीचे सर, दोन्ही बुटांना शेतभर चिखल, आणि ते बूट माझ्या आत्ताच पुसलेल्या फरशीवर. पण थांब. मी शेपटाकडूनच सुरुवात केली. आशीर्वाद राहिलेच की.

तर माझ्या धाकट्या बहिणीला, जी जगात एकटीच माझं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेते, तिला थोरलीचे ओंजळभर आशीर्वाद. तुझी तब्येत बरी असेलच. बरी नसती तर तू मला आधी कळवलं असतंस, मग डॉक्टरला. मेहुण्यांचा खोकला थांबला का? सून नीट वागते ना? की तू नीट वागतेस ना, असं विचारायला हवं? (चिडू नकोस, हे मी हसत लिहिते आहे.) माझी शाळा चौथीत सुटली हे तुला माहीतच आहे. तेव्हा जिथे अक्षर लागणार नाही तिथे मी काहीतरी चांगलंच लिहिलं असेल असं धरून पुढे जा. पोरगी ह्या पानांचे फोटो काढून तुझ्या फोनवर पाठवणार आहे.

तू विचारलंस पोरीचं कसं काय, तर सांगते. मी इथे उतरले तेव्हा माझ्या नातीच्या अंगावर नुसती कातडी होती. न्यूमोनिया उतरला होता, पण जाताना पोरीला अर्धी घेऊन गेला होता. खोली दुसऱ्या मजल्यावर, बावीस पायऱ्या (मी रोज मोजते, अजून एकही कमी झालेली नाही), दोन शेगड्यांचं स्वयंपाकघर, आणि एक खिडकी. खिडकीतून गल्ली दिसते, गल्ली संपली की गाव संपतं आणि शेतं सुरू. एवढा मोठा हिरवागार मुलूख समोर, आणि ही भिंतीकडे तोंड करून पडलेली. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं की रोज थोडं चाल, आजच्यापेक्षा उद्या जास्त. ही म्हणायची, उद्यापासून आजी. तिचा उद्या म्हणजे आपल्या वडिलांचं दाढी करणं, येईल तेव्हा येईल.

आता तिला चालणं का हवं, तेही ऐक. ही शिकते मातीचं. हो, मातीचं. साता समुद्रापार जाऊन माती, आपल्याकडे काय सोन्याची जमीन होती? पण ह्या शिक्षणात शेवटी दहा दिवस डोंगराशेतातून पायी हिंडायचं असतं, पाठीवर पिशवी, पिशवीत माती. ते येत्या सोमवारपासून. तिथे गेली नाही तर वर्ष वाया. आणि वर्ष वाया गेलं तर माझा मुलगा, म्हणजे तिचा बाप, तिला पुन्हा इकडे पाठवायचा नाही. त्याचं म्हणणं आत्ताच सुरू आहे, की जीव आहे तर सगळं आहे, घरी ये. पोरगी फोनवर हो-हो म्हणायची आणि मग उशीत रडायची. मी बघायचे. मी भांडी घासत असल्यासारखं करायचे.

आणि मग आलं ते हिरवं पातेलं. गल्लीच्या टोकाला पहिलं शेत ज्या बाईचं, ती गाई-कोंबड्यांवाली. आजारी मुलगी आहे म्हणून तिने हिरव्या पातेल्यात अंडी आणून दिली. (तिची भाषा मला येत नाही, माझी तिला येत नाही, त्यामुळे आमच्यात भांडणाची भीतीच नाही.) आता तूच सांग, आलेलं भांडं रिकामं परत पाठवायचं का? आपल्या आईने कधी पाठवलं का? निदान चिमूटभर साखर तरी घालायचीच. मी भरणीतलं लिंबाचं लोणचं घातलं. पण नेणार कोण? तिच्या दारात कुत्रा, आणि कुत्र्याशी मला मराठीतच बोलता येतं. म्हटलं, पोरी, तू नुसती बरोबर उभी राहा, बाकी मी बघते. कुरकुरत उठली. चारदा बसली वाटेत, पण पोचली.

तिकडे त्या बाईने लोणचं चमच्याने खाल्लं. अख्खा चमचा. दुसऱ्या दिवशी तिचे डोळे अजून लाल होते, पण हातात पातेलं, आणि पातेल्यात दूध. झालं! मी शेंगदाणे घातले, तिने गाजरं, मी गव्हाची खीर, तिने पुन्हा अंडी. पोरगी कपाळाला हात लावायची. म्हणाली, "आजी, एकदाच रिकामं देऊन टाक ना, संपेल सगळं." मी म्हटलं, मी जिवंत आहे तोवर नाही. तिकडे अंडीवालीलाही वाटत असणार की ह्यांच्याकडची रीतच अशी दिसते, आपण थांबलो तर म्हातारीला राग येईल. दोघीही एकमेकींना भिऊन पातेलं भरत बसलो. आणि ह्या भानगडीत पोरगी रोज शेतापर्यंत जायला लागली. मग बाई बीटाच्या वावरात असायची, तिथपर्यंत. मग ओढ्यापलीकडे. चारदा बसायची ती दोनदा बसायला लागली.

गेल्या शुक्रवारी मात्र कहर झाला. बाई गाई घेऊन वरच्या कुरणात गेलेली, आणि वाट मी दाखवली. (तुला आठवतं ना, मी तुझ्या लग्नात वऱ्हाड कुठे नेलं होतं.) नांगरलेल्या वावरात माझा एक बूट रुतला तो तिथेच राहिला. पुढचं फाटक ढकललं तर आत वासरं. दहा-बारा. त्यांना बिचाऱ्यांना रोज अशाच पातेल्यातून खाऊ मिळतो, ते हिरवं पातेलं बघून सगळी माझ्या मागे! मी एका पायात बूट, एका पायात मोजा, पातेलं डोक्यावर धरून पळते आहे, आणि ओरडते आहे, अरे, हे तुमच्यासाठी नाही, हे तुमच्या मालकिणीसाठी आहे! कुंपणाशी अडकले. मग ह्या पोरीने, जिला बावीस पायऱ्या चढायला अर्धा तास लागायचा, तिने मला काखेत हात घालून उचललं आणि पलीकडे ठेवलं. मला! माझं वजन तुला ठाऊक आहे. आणि मग ती हसायला लागली. आधी हसली की खोकल्याची उबळ यायची, म्हणून मी पाण्याची बाटली काढून तयारीत राहिले. हसतच राहिली, हसतच राहिली. मी बाटली धरून वाट बघत बसले. खोकला आलाच नाही गं.

तर आजची बैठक त्यासाठी होती. डॉक्टरीणबाई कागदावर सही देणार की ही दहा दिवस चालू शकते, तरच सर तिला नेणार. अंडीवाली कशाला आली होती ते तिलाच ठाऊक. बहुधा साक्षीदार म्हणून. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गावामागची ती पाण्याच्या टाकीची टेकडी चढून दाखव, न थांबता. निघालो सगळेच. अर्ध्या वाटेवर डॉक्टरीणबाईच धापा टाकत दगडावर बसल्या. छाती तपासायची नळी गळ्यात आणि स्वतःची छाती भात्यासारखी वरखाली. मी म्हटलं, बाई, रोज थोडं चाला, आजच्यापेक्षा उद्या जास्त. अंडीवालीने हे न कळताही मान डोलावली. वर बघते तर आमची पोरगी टाकीशी उभी राहून हात हलवते आहे. सर तिच्या मागोमाग पोचले, आणि दोघं उकिडवे बसून जमीन खरवडायला लागले. गेला अर्धा तास. कुणी आजारी होतं, कुणाला तपासायचं आहे, सगळं विसरले. तिचा चेहरा मी खालून बघत होते. आपल्या अंगणात मातीत खेळायची, अगदी तस्सा.

पण सही अजून झाली नाही. खाली आल्यावर डॉक्टरीणबाईंनी पोरीच्या छातीला नळी लावून ऐकलं आणि म्हणाल्या, डावीकडे खाली अजून किंचित खरखर आहे, आणखी तीन दिवस गोळ्या घेऊ दे, मग पुन्हा ऐकते. काळजीचं नाही असं त्या म्हणाल्या, आणि मी त्यांच्या तोंडाकडे नीट बघून घेतलं, खरंच नव्हतं.

बाकी सगळं छान. सगळ्यांना यथायोग्य सांग. तुझीच, थोरली.

ता. क. हे पान मी एकटीने लिहिलं आहे आणि फोटोही मीच काढते आहे, अंगठा आला तर समजून घे. पोरीला माहीत नाही, पण मला इकडे पाठवलं ते तिला घेऊन यायलाच. मी निघताना मुलाला शब्द दिला होता. तो परवा, बुधवारी, आम्हा दोघींची तिकिटं काढणार आहे. फोनवर मी त्याला थोपवू शकत नाही, मी खोटं बोलले की तो लगेच ओळखतो, लहानपणापासूनची त्याची खोड. तेव्हा तू एक कर. बुधवारी जरा आजारी पड. फार नको, चक्कर पुरे. तुझ्यावर त्याचा जीव आहे, सगळं टाकून तुझ्याकडे धावेल, आणि तू त्याला दोन दिवस उशाशी बसवून ठेव. पाय चेपायला लाव. एकदा सही झाली की मी स्वतः त्याला सांगेन आणि त्याची बोलणी खाईन.

ता. क. दुसरं. वर मी निघालो सगळेच असं लिहिलं, पण टेकडी चढले असं लिहिलेलं नाही, नीट बघ. डॉक्टरीणबाईंच्या शेजारच्या दगडावर मीच होते.

ता. क. तिसरं. म्हणजे चक्कर शुक्रवारी सकाळपर्यंत तरी राहू दे, मध्येच उठून स्वयंपाकाला लागू नकोस. तिघंही पुन्हा यायचे म्हणालेत, सर तर पोरीच्या मापाचे डोंगरात चालायचे बूट घेऊनच, गुरुवारी दहाला.