मानेला हात नको

बाबा, तुम्हाला सलूनमध्ये मानेला हात लावलेला चालायचा नाही, हे मला काल आठवलं. इतक्या वर्षांत कधी आठवलं नव्हतं. रविवारी सकाळी आईला दम्याने हैराण केलेलं असायचं, तिला जरा पडू द्यावं म्हणून तुम्ही केस कापायला जाताना मला सोबत न्यायचात. वारज्याच्या नाक्यावरच्या त्या दुकानात मी बाकावर बसून वर्तमानपत्राच्या पुरवण्या वाचायची. केस कापून झाले की सलूनवाले काका प्रत्येकाच्या डोक्यावर चार थापा मारायचे, मग एक हात हनुवटीखाली, दुसरा डोक्यामागे, आणि कट्ट. आधी एका बाजूला, मग दुसऱ्या. त्याचे वेगळे पैसे नसायचे. लोक डोळे मिटून त्या आवाजाची वाट बघायचे. तुमची पाळी आली, काकांचा हात हनुवटीकडे आला, की तुम्ही आरशातूनच सांगायचात, "मानेला हात नको." त्यांना ते लागायचं. "अहो, सगळ्या वारज्याची मान माझ्या हातात असते. तुमची काय निराळी आहे?" "निराळी नाही. एकच आहे," असं म्हणून तुम्ही उठायचात आणि शर्टावरचे केस झटकायचात. बाकावरचे सगळे हसायचे. मीही हसायची. तुम्ही घरी फार बोलत नव्हतात, म्हणून तिथे तुम्ही विनोदी वाटायचात याचं मला अप्रूप होतं.

आज पुन्हा रविवार आहे. आई आत झोपली आहे आणि मी जेवणाच्या टेबलाशी बसून हाताने लिहिते आहे. लॅपटॉपवर लिहायला गेले की उजव्या हाताचा अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट भलत्याच ठिकाणी पडतात. पेन निदान मुठीत धरता येतं. मानेत कळ निघते, खांद्यातून खाली उतरते आणि बोटांशी येऊन बधिर होते. दिवाळीच्या आधीपासून असं आहे. मी हिंजवडीला सॉफ्टवेअरच्या कंपनीत काम करते, हे तुम्हाला माहीत असायचं कारण नाही. तुम्ही गेलात तेव्हा मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते. तुम्ही मशीनसमोर उभे राहायचात, मी पडद्यासमोर बसते. बाकी कंपनीची बस, गळ्यातलं ओळखपत्र आणि वरच्याचा चेहरा बघून बोलणं, यात फार फरक पडलेला नाही.

ही नोकरी मला सोडता येत नाही. मनात खूपदा येतं. पण आईचा विमा माझ्या कंपनीच्या पॉलिसीत आहे. तिच्या हृदयात स्टेंट बसवला तेव्हा त्या कार्डावर सगळं झालं, आणि आता किडनीच्या डॉक्टरांकडेही जावं लागतं. मी नोकरी सोडली तर काय, हे विम्याच्या मदत केंद्रातल्या मुलीला एकदा विचारलं होतं. ती म्हणाली, वैयक्तिक पॉलिसीसाठी अर्ज करता येईल मॅडम, पण वय आणि आधीचे आजार बघून कंपनी ठरवेल. तिने "ठरवेल" हे इतक्या मऊ आवाजात म्हटलं की मला उत्तर कळलं. म्हणजे ज्या खुर्चीने माझी मान अशी झाली, त्याच खुर्चीवर आईची औषधं आहेत. मी उठले की तीही उठणार.

मग त्याच मुलीला मी माझं विचारलं. मान दुखते, बाहेर उपचार घेतले तर मिळतात का? "मॅडम, ॲडमिट झालात तर कव्हर आहे. ऑपरेशन असेल तर कॅशलेस होईल. जाऊन-येऊन घेतलेले उपचार यात बसत नाहीत." मी म्हटलं, "म्हणजे ऑपरेशन होऊ नये म्हणून जे करायचं, ते बसत नाही?" "हो मॅडम. अजून काही मदत करू शकते का?" कायरोप्रॅक्टर म्हणून एक प्रकार असतो, त्याचं काय, असंही विचारलं. तिने मला शब्द पुन्हा म्हणायला लावला, कुठेतरी बघितलं आणि सांगितलं की तो तर अजिबातच बसत नाही.

तुम्हाला सांगायला हरकत नाही, ते ऐकून मला बरं वाटलं. विम्यात बसत नाही म्हणजे क्लेम नाही, क्लेम नाही म्हणजे ऑफिसात कुठे नोंद नाही. आमच्या टीममधल्या एकाचं मणक्याचं ऑपरेशन झालं. बरा होऊन परत आला तर त्याचं काम दुसऱ्याकडे गेलेलं होतं. कुणी वाईट बोललं नाही. "तू आधी तब्येत सांभाळ," एवढंच सगळे म्हणत राहिले, आणि तो काम नसलेल्यांमध्ये बसून राहिला आणि शेवटी स्वतःच नोकरी सोडून गेला. त्याच्या आईवडिलांच्या विम्याचं काय झालं हे मी त्याला विचारलं नाही. विचारायची हिंमत झाली नाही.

त्यामुळे शेजारच्या टेबलावरची मुलगी तिच्या फोनवर ते व्हिडिओ दाखवायला लागली तेव्हा मी बघत बसले. पालथा झोपलेला माणूस, पाठीवर दोन हात, कट्ट असा आवाज, आणि माणूस हसत उठतो. "एकदा जाऊन तर या मॅडम. बाणेरला आहे, परदेशात शिकून आलाय. माझी आत्या रडत गेली होती, चालत आली." मी म्हटलं, "जाताना रिक्षाने गेली होती का?" ती हसली आणि नंबर पाठवला.

जाण्याआधी मी बरंच वाचलं. वाचायची सवय मला तुमच्याकडून आली आहे, कुकर आणला तरी तुम्ही आधी माहितीपुस्तक वाचायचात. कायरोप्रॅक्टर हाताने मणके हलवतो, औषध देत नाही, हे कळलं. काहींना कंबरदुखीत आराम पडतो. आपल्याकडे डॉक्टरांची असते तशी यांची सरकारी नोंदणी नाही, त्यामुळे कुणी परदेशात चार-पाच वर्षं शिकलेला असतो आणि कुणी थोड्या दिवसांचा वर्ग करून पाटी लावतो, ते आपणच विचारून घ्यायचं. हाडं ठिसूळ असतील, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील, तर आधी सांगायचं. मानेला झटका देताना क्वचित का होईना, मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीला इजा होऊ शकते. आणि हातापायाला मुंग्या, बधिरपणा असेल, हातातली ताकद कमी झाली असेल, तर आधी डॉक्टरला दाखवायचं, तपासणी करायची. हे मी वाचलं. नीट समजून वाचलं. आणि मग शनिवारची वेळ घेतली. आईला सांगितलं, ऑफिसात जास्तीचं काम आहे.

मोबाईलच्या दुकानावरचा दवाखाना, पांढऱ्या भिंती, मण्यामण्यांचा एक प्लास्टिकचा पाठकणा टेबलावर. बाहेर बसलेली मुलगी आधी दहा बैठकांचं पॅकेज सांगायला लागली, मी म्हटलं आज एकच बघू. तो स्वतः तिशीतला असेल, बोलायला मवाळ. तो कुठे शिकला हे मी विचारायच्या आत त्याने सांगितलं. मग प्रश्न विचारले. कधी पडलात का? नाही. गोळ्या कुठल्या? नाही. एक्स-रे काढलाय? नाही. "हाताला मुंग्या, बोटं बधिर, वस्तू हातातून सुटणं, असं काही?" आणि मी म्हटलं, "नाही." माझा उजवा हात तेव्हा पर्सखाली होता.

त्याने मला झोपवलं. डोक्याशी बसला. एक तळवा हनुवटीखाली आला, दुसरा डोक्यामागे, आणि तो म्हणाला, "मॅम, मान सैल सोडा. माझ्यावर सोडून द्या." छत दिसत होतं. आणि माझ्या तोंडून बाहेर पडलं, "मानेला हात नको." तुमच्याच आवाजात, तसंच तुटक. त्याने लगेच हात काढला. मी उठून बसले आणि त्याला बोटांचं सांगितलं. तो रागावला नाही, पण त्याचा चेहरा जरा उतरला. "हे आधी सांगायला हवं होतं, मॅम. मी मान फिरवली असती." त्याने माझी बोटं दाबायला लावली, दोन्ही हातांची, आणि उजव्याची पकड बघून मान हलवली. "मी आता काही करणार नाही. न्यूरोसर्जनला दाखवा, एमआरआय करा. या आठवड्यात." त्याने ते कागदावर लिहून दिलं. बाहेरच्या मुलीने फी घेतली नाही, त्याने आतून नको म्हणून सांगितलं होतं.

रिक्षात बसल्यावर मला तुमच्या मशीनशेजारच्या मशीनवर काम करणारे काका आठवले. तुमच्या दहाव्या-बाराव्यानंतर कधीतरी ते भोसरीहून घरी आले होते. हळू आवाजात म्हणाले होते, "तुझ्या बाबाच्या हाताला मुंग्या यायच्या गं. मशीनवर लावायचा जॉब, तो लोखंडी तुकडा, हातातून सुटायचा त्याच्या. मला म्हणाला, कुणाला बोलायचं नाही. कंपनीच्या दवाखान्यात गेलो तर कागद ऑफिसात जाईल, आणि स्वेच्छानिवृत्तीला पहिलं नाव माझं." ते दिवसच तसे होते. दर पंधरवड्याला कारखान्यातून कुणीतरी हार घालून घरी पाठवला जात होता आणि त्याला स्वेच्छा म्हणत होते. आईचं दम्याचं औषध कंपनीच्या दवाखान्यातूनच यायचं, माझी फी तुमच्या पगारातून जायची. तो दवाखाना तुम्हाला फुकट होता, म्हणूनच तुम्हाला तिथे जाता आलं नाही. तेव्हा मी हे ऐकलं आणि विषय बदलला, कारण आई आत चहा करत होती आणि तिला हे कळू नये असं मला वाटलं. तुम्ही हृदयाने गेलात, हाताने नाही. मग कशाला तिला आणखी एक दुःख.

सलूनमधलं तुमचं वाक्य आणि काकांचं हे बोलणं, दोन्ही माझ्याकडे इतकी वर्षं होती, पण वेगवेगळ्या कप्प्यांत. त्या दवाखान्यातल्या छताकडे बघताना दोन्ही जवळ आली.

तुमच्याबद्दल आणखी एक गोष्ट अशीच पडून होती. घरात सगळे कपबशीतून चहा प्यायचो, तुम्हाला मात्र आई स्टीलच्या फुलपात्रात द्यायची, तेही अर्धं. संपलं की पुन्हा अर्धं. पाहुणे असले तरी तसंच. मी चिडवायची, बाबांना कपबशीतला चहा पचत नाही. आई गॅस बारीक करायची आणि तुम्ही वर्तमानपत्र उलटायचात.

न्यूरोसर्जनचा कागद माझ्या पर्समध्ये आहे. एमआरआय बाहेरून करायचा तर खिशातून, आणि ऑपरेशन निघालं तर कार्ड काढावंच लागणार, ऑफिसला कळणारच. मग काय होईल ते मला दिसतं, आणि कार्ड नाही काढलं तर काय होईल तेही दिसतं. सोमवारी फोन करून वेळ घ्यायची असं ठरवलं आहे. असं मी मागच्या सोमवारीही ठरवलं होतं, कायरोप्रॅक्टरच्या बाबतीत, आणि ते मात्र लगेच केलं. या पत्राला पत्ता नाही, ते घडी करून मी बँकेच्या जुन्या पासबुकात ठेवीन.

आज सकाळी आईने चहा केला. आता ती क्वचितच करते, उभं राहवत नाही. माझ्यापुढे तिने कपबशी ठेवली नाही. फुलपात्र ठेवलं, तुमचंच, काठाला पोचा आलेलं, अर्धं भरलेलं. मी तिच्याकडे बघितलं, ती ओट्याकडे वळली होती. पाठमोरीच म्हणाली, "गरम आहे. दोन्ही हातांनी धर."

मी दोन्ही हातांनी धरलं. डाव्या तळव्याला चटका बसला. उजव्या बोटांना काहीच लागलं नाही, आणि हे मी तिला सांगितलं नाही.