उर्मिलाची राहिलेली चिठ्ठी

गुरुवार, संध्याकाळ

आज बीडला बैठक झाली. ऊसतोडीला कर्नाटकात जाणाऱ्या आमच्या एचआयव्हीच्या रुग्णांना यापुढे तिकडच्या दवाखान्यातही गोळ्या मिळतील, इथल्या दवाखान्याची चिठ्ठी नसली तरी. फक्त आम्हाला एक फोन करायचा. किती दिवस मी यासाठी भांडत होते. सगळे खूश होते, मीही.

मग चहाच्या वेळी तिकडच्या समुपदेशक बाई अडखळत मराठीत म्हणाल्या, "तुमच्या सिरसाळ्याची एक बाई आली होती. दोनदा आली. चिठ्ठी नव्हती, म्हणून परत पाठवली. सारखं तुमचंच नाव सांगत होती."

उर्मिला. दुसरी कोण असणार?

दिवाळीनंतर टोळीबरोबर निघताना तिने विचारलं होतं, "ताई, गोळ्या सरल्यावर मी काय करू?" मी म्हणाले, "तिथल्या दवाखान्यात माझं नाव सांग, देतील." चिठ्ठी लिहायला पाच मिनिटं लागली असती. त्या दिवशी रांग मोठी होती, पण पाचच मिनिटं! आणि मी काय दिलं, तर नाव. तिथे मला कोण ओळखत होतं?

परतली तेव्हा गोळ्या बंद होऊन दोन महिने झाले होते. टीबी अंगभर पसरला होता. मागच्या सोमवारी गेली.

बाईंनी भीतभीतच विचारलं, "आता कशी आहे ती?"

त्यांनी नियम पाळला होता. त्यांना काय सांगायचं?

"बरी आहे," मी म्हणाले.

त्यांना हायसं वाटलं. त्यांनी माझा नंबर लिहून घेतला.