अनवाणी राष्ट्रगीत

प्रिय धाकट्या,

आज सकाळी तुमच्या राष्ट्रदिनाच्या गर्दीत मी उभा होतो. स्वस्तातल्या सहलीने आलोय, तुला कळवलं नाही. तू इथलं नागरिकत्व घेतलंस तेव्हापासून आपण बोललेलो नाही.

बँडच्या तालावर मीही डोलत होतो. राष्ट्रगीत सुरू झालं आणि गावच्या शाळेतल्या सवयीने मी चपला काढल्या. सहलीत माझ्यासोबत आलेला एक शिंपी पुटपुटला, "अहो, हे देऊळ नाही. आणि गाणं तरी आपलं आहे का?"

"माझा भाऊ म्हणत असेल कुठेतरी," मी म्हणालो.

मग मिरवणुकीत जीव रमेना. सहल सोडून बस पकडली. तुझ्या जिन्यात बसून हे लिहितोय. पत्र खिशातच राहील, कारण आता उठून तुझी बेल वाजवतोय.

तुझा दादा