उखर्डूचा यम

धुळे, मार्गशीर्ष शु. ५, शके १८५५

ती. स्व. वच्छलाअक्कास उखर्डूचा शि. सा. न. वि. वि.

मामांकडे सुखरूप पोचलो. माहेरी बाळंतपणाला आली आहेस, आयतं खाते आहेस, तेव्हा हे पत्र आईला वाचून दाखवायचं काम तुझं. मागच्या तारखेला एरंडोलच्या कोर्टात मी साक्षीला उभा राहिलो आणि दम्यानं एक वाक्य धड पुरं होऊ दिलं नाही, ते आबांच्या फार जिव्हारी लागलं. बांधावरचा आंबा शेजारच्या शेतातल्या धनसिंगकाकांचा नसून आपल्या आजोबांनी लावलेला, एवढंच मला सांगायचं होतं. छातीत दम भरल्याशिवाय परतू नको असं बजावून त्यांनी मला इथल्या योगाच्या गुरुजींकडे धाडलंय.

पांझरेकाठच्या मारुतीच्या देवळात ते शिकवतात. मी पहिल्याच दिवशी पद्मासन घालायला गेलो, तर हसून उठवलं. म्हणाले की आधी यम धर, आसनं मागाहून. म्हणून सध्या यम धरलाय. काळजी नसावी.

तुझ्या मायेवर हक्क सांगणारा,
उखर्डू

एरंडोल, मार्गशीर्ष व. २

चि. उखर्डूस अनेक आशीर्वाद.

काळजी नसावी म्हणे! अरे शहाण्या, तुझ्याआधीची दोन भावंडं गेली म्हणून आईनं तुला जन्मल्या जन्मल्या उकिरड्यावर लोळवलं. यमाची नजर पडू नये म्हणून तुझं हे असलं नाव ठेवलं. आणि तू खुशाल लिहितोस की यम धरलाय! आईची भाकर तव्यावरच करपली. तशीच उठून मारुतीला तेल वाहून आली. आबा म्हणाले की त्यांनी दम आणायला धाडलं होतं, यम नव्हे. उलट टपाली खुलासा कर.

रागावलेली, पण तुझीच,
अक्का

धुळे, पौष व. १०

ती. स्व. अक्कास शि. सा. न. वि. वि.

मामा येऊन गेले, त्यांनी आईची समजूत घातली असेलच. तरी पुन्हा सांग की हा यम रेड्यावरचा नव्हे. खोटं बोलायचं नाही, कोणाला दुखवायचं नाही, दुसऱ्याचं घ्यायचं नाही, असल्या नेमांना योगात यम म्हणतात. आता आसनंही चालू आहेत, प्राणायामही. रात्री आडवा होऊन झोपतो, अक्का! भिंतीला टेकून बसावं लागत नाही. मामीशी चिडचिड करायचो, तीही गेली.

पण एक पेच पडलाय. हे आबांनाही वाचून दाखव, त्यांच्यापासून लपवायचं नाही. तो आंबा धनसिंगकाकांच्या वडिलांनी लावला. मी शेजारी उभा होतो, तांब्यानं पाणी घातलं होतं. साक्षीत मी तेच सांगणार. मग आबा घरात घेतील का, ही धास्ती आहे. श्वास मात्र अडत नाही.

मला अंतर देऊ नकोस.
उखर्डू

एरंडोल, माघ शु. ११

चि. उखर्डूस आबांचे अनेक आशीर्वाद.

वच्छलेनं तुझं पत्र वाचलं तेव्हा मी ताटावरून उठलो होतो. कोर्टातही तुझ्याकडे मुद्दाम पाहिलं नाही. तूही साक्ष झाल्यावर घरी न येता परस्पर धुळ्याची मोटार धरलीस.

आपल्या वकिलानं तुला केवढं खोदून विचारलं! आवाज न चढवता, कुठं न अडखळता तू सांगत राहिलास. लहानपणी तुझी धाप ऐकत मी उशाशी बसून असायचो. त्या दिवशी मान खाली घालून मी तुझा आवाजच ऐकत होतो. बाहेर आल्यावर लोक विचारू लागले की हा एवढा ठाम बोलणारा मुलगा कोणाचा. वकिलासमोर शुद्ध बोलायचं ठरवून गेलो होतो, ते विसरलो आणि सांगून बसलो की मना आंडोर शे. उखर्डू, इतका अभिमान मला कधी वाटला नव्हता.

आंबा गेला. यंदा मोहोर भरगच्च आहे, तो धनसिंगला लखलाभ.

वच्छलेला मुलगी झाली. तिला उकिरड्यावर लोळवू का, म्हणून मी तुझ्या आईला विचारलं. ती म्हणाली की आता गरज नाही, यमाला आपल्या उखर्डूनं धरून ठेवलंय.

घरी ये. मलाही शिकव. माझे गुडघे वळत नाहीत, तेव्हा आसनं मागाहून. आधी यम.

तुझी वाट पाहणारे,
आबा