बाबांच्या गुडघ्याच्या गोळ्या

बाबा,

गोळ्यांची डबी मी बरोबर नेलीय, उगाच घर पालथं घालू नका. आजची गोळी टेबलावर आहे. संध्याकाळी आपण दोघं डॉक्टरांकडे जाऊ.

ऑपरेशननंतर तुम्ही पायावर उभे राहिलात ते याच गोळीच्या जोरावर, नाही कोण म्हणतंय? पण डॉक्टरांनी सवय लागण्याबद्दल विचारलं की विषय बदलायचा, असं ही गोळी बनवणारी आमची कंपनी आम्हा एमआरना, म्हणजे डॉक्टरांकडे औषधं खपवत फिरणाऱ्यांना, शिकवते. काल तेच मी कंपनीतल्या साहेबांना विचारलं, तर त्यांनीही विषयच बदलला.

शेजारच्या काकूंकडे मागायला जाऊ नका, त्यांना सांगून ठेवलंय.

सकाळी तुम्ही गोळीसाठी कळवळत होतात. कुठे दुखतंय विचारलं, तर डावा गुडघा धरलात. बाबा, ऑपरेशन उजव्याचं झालंय.

धाकटी