तिसरा जोड

प्रिय ताई,

आज दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी मला चांगलंच फैलावर घेतलं. मी एवढंच विचारलं, "नशा सुटावी म्हणून दिलेलं ते मेथाडोन बंद केलं, तर अंगातून किती दिवसांत जाईल?"

"तुमचं लिव्हर खराब आहे, इतरांपेक्षा सावकाश जाईल. नेमकं सांगता येत नाही, म्हणून तर डोस बेतानं देतोय. पण बंद करायला सांगितलं कुणी?"

मग छकुली जन्मली तेव्हाची शपथ सांगितली: अंगात थेंबभर नशा असेपर्यंत ताईच्या दारात पाय ठेवणार नाही. बाई हसतच सुटल्या. "अहो, नशा कधीच सुटली. हे औषध आहे. भाचीला भेटायला औषध आडवं येतं होय?"

ताई, मी खुळ्यासारखा वाट बघत बसलो आणि छकुलीसाठी शिवलेले बुटांचे दोन जोड माझ्या दुकानातच लहान झाले! तिसरा घेऊन आता निघतोय. लाल आहे. न बघता बेतलाय, म्हणून मुद्दाम मोठा ठेवलाय. हे पत्रही पोस्टात टाकत नाही, बुटाच्या टोकाशी कोंबतोय. तिचा पाय वाढला की काढ आणि वाच.

तुझा धाकटा
(तुझ्या दारात पोचलो. बेल मीच वाजवतोय.)